डेटा कायद्याच्या 'प्रमाणपत्रा'पायी 31,860 रुपये गेले, आणि पालकांची माहितीही

गेल्या महिन्यात माझे 31,860 रुपये गेले. पण त्याहून वाईट म्हणजे 1,846 पालकांनी विश्वासाने दिलेली माहिती माझ्या हातून चोराकडे गेली. घरात अजून नीट बोलता येत नाही, तरी इथे लिहिते आहे, कारण छोटी वेबसाइट चालवणाऱ्या कुणालाही उद्या हाच फोन येऊ शकतो.

मुलांच्या सुलेखनाची सरावपत्रकं मी सहा वर्षं माझ्या वेबसाइटवर देते आहे, फुकट. नोंदणी करताना पालकांचं नाव, मोबाइल, मुलाचं नाव, इयत्ता आणि जन्मतारीख. जन्मतारीख का? वाढदिवसाला मुलाच्या नावाचं शुभेच्छापत्र जायचं, मुलं खूश व्हायची. एवढंच कारण. सरावपत्रकासाठी जन्मतारखेची काडीइतकी गरज नव्हती. आज माझ्या साइटवर ते रकाने नाहीत. तुमच्या फॉर्मवर असतील तर आजच काढा.

फोनवरचा माणूस अदबीने बोलत होता. "मॅडम, तुमच्याकडे अल्पवयीन मुलांची माहिती आहे आणि पालकांच्या संमतीची पडताळणी नाही. यात 200 कोटींपर्यंत दंड आहे. तुमची साइट यादीत आली आहे, पण सात दिवसांत नोंदणी करून प्रमाणपत्र घेतलंत तर प्रकरण मिटेल." दहा मिनिटांत मेलवर नोटीस. वर तीन सिंह.

मी आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत, हे मला सांगायचंच आहे. मी शोधून पाहिलं. कायदा खरा निघाला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले तेही खरं. मुलांच्या माहितीबाबत कसूर केली तर 200 कोटींपर्यंत, सुरक्षेत हलगर्जी केली तर 250 कोटींपर्यंत दंड, तेही खरं. त्याने सांगितलेलं सगळं जुळत गेलं, म्हणून मी शोधणं थांबवलं. त्याने जे सांगितलं नव्हतं ते शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासारख्या साध्या साइटला या कायद्यात कुठेही नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी आहे ती संमती व्यवस्थापक म्हणून, म्हणजे लोकांना आपली संमती देण्या-काढून घेण्याची सोय पुरवणारा म्हणून, काम करू पाहणाऱ्या कंपन्यांना. या कायद्याखाली दंड ठरवणारं डेटा संरक्षण मंडळ वेबसाइटवाल्यांना प्रमाणपत्रं वाटत नाही. आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सात दिवसांची मुदत त्याच्या मनातली होती.

पहिले 2,360 रुपये, नोंदणी शुल्क. 2,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. हिशोब चोख, पावती लगेच. चोर कशाला जीएसटी लावेल, असं मला वाटलं. ती पावती नंतर मी पन्नास वेळा पाहिली आहे. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, पावतीवर 14 होती. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघायला एक मिनिट लागलं असतं.

मग तो म्हणाला, साइटवर संमतीची पट्टी आणि गोपनीयता धोरण बसवावं लागेल, अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या. दिला. फोनवर, एकेक अक्षर उच्चारून. असा प्रवेश कुणालाही देऊ नका. अगदीच द्यावा लागला तर मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं उघडून द्या आणि काम झालं की त्याच दिवशी बंद करा.

आता ज्या संध्याकाळमुळे मला अजून झोप येत नाही ती सांगते. साइटवर नवं धोरण दिसू लागलं. मी वाचायला बसले. "आम्ही आपली वैयक्तिक माहिती कोणत्याही तिसऱ्या पक्षास देत नाही." बरं वाटलं. त्याखाली चौकटी कंसात लिहिलेलं होतं: येथे कंपनीचे नाव लिहा. आणखी खाली, तक्रार अधिकाऱ्याच्या जागी: येथे नाव व ईमेल भरा. मजकूर कुठून तरी उचलून जसाच्या तसा चिकटवला होता. ज्या माणसाला मी कायद्याचा जाणकार समजत होते त्याने तो एकदा वाचलाही नव्हता. आणि मी काय केलं? कामाच्या गडबडीत राहिलं असेल म्हणून कंस काढले आणि माझ्या साइटचं नाव, माझा ईमेल स्वतः टाइप केला. त्याची चूक मी माझ्या हाताने दुरुस्त केली. पुरावा समोर होता, वाचला होता, आणि मीच तो पुसला. तिथे उठून भाच्याला एक फोन केला असता तर त्यापुढचं काहीच घडलं नसतं. त्याने मागे एकदा बजावलंही होतं, "मावशी, साइटबद्दल कुणी काही म्हणालं तर आधी मला विचार." पण तो परीक्षेत होता. त्याला त्रास नको म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी 11,800 रुपये, ऑडिट. ऑडिटसाठी सगळ्या नोंदींची फाइल हवी होती. तिसऱ्या पक्षाला माहिती देत नाही असं धोरण आदल्या रात्री माझ्याच नावाने लागलेलं, आणि मी फाइल पाठवली. चार दिवसांनी 17,700 रुपये, "अनामत, परत मिळेल". नोटिशीतले तीन सिंह मी नंतर नीट पाहिले. खाली 'सत्यमेव जयते' नाही. त्याशिवाय राजचिन्ह पूर्ण होत नाही. आणि मेल फुकटच्या खात्यावरून आलेला होता, सरकारी पत्त्याच्या शेवटी सहसा असतं ते जीओव्ही डॉट इन नव्हतंच.

कळलं ते एका आईच्या फोनमुळे. "बाई, स्पर्धेचे 499 भरले, पण पुढे काही आलंच नाही." कसली स्पर्धा? मी काढलीच नव्हती. तिला आलेल्या संदेशात तिच्या मुलीचं पूर्ण नाव होतं, इयत्ता होती, वाढदिवस होता, आणि खाली माझं नाव. एवढं बरोबर असल्यावर कुणीही भरेल. तीन पालकांनी भरले होते. त्यांचे 1,497 रुपये मी माझ्या खात्यातून परत केले.

त्याच दिवशी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. शेवटचा व्यवहार होऊन नऊ दिवस झाले होते. पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता यावेत म्हणून हा क्रमांक पहिल्या तासात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवून बोला, तो शोधण्यातच माझा पहिला फोन तुटला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच मिळाली. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाची प्रत घेऊन गेले होते. पण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही हे संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे. फसून का होईना, आपण स्वतः पाठवलेल्या पैशाला ते मिळत नाही, हे मला काउंटरवर सगळ्यांदेखत ऐकावं लागलं.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. मग सायबरकडे जा. सायबरकडून परत ठाण्यात. "पैसे स्वखुशीने दिलेत, मग गुन्हा कसला?" फसवून घेतलेला पैसा स्वखुशीचा कसा? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 याचसाठी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ड तोतयेगिरीसाठी आहे, आणि माझ्या नावाने पालकांना संदेश गेले ती तोतयेगिरी नाही तर काय? हद्दीचा प्रश्न असेल तर कोणत्याही ठाण्यात शून्य एफआयआर नोंदवता येतो, हे मला वाचून कळलं, त्यांनी सांगितलं नाही. आणि कुणीही, एकानेही, त्या 1,846 कुटुंबांबद्दल विचारलं नाही. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: किती रुपये गेले? आकडा ऐकला की पेन खाली. लहान मुलांची नावं, वाढदिवस, आईवडिलांचे नंबर एका भामट्याच्या हाती आहेत, हे मी चारदा सांगितलं. लिहून घेतलं नाही, म्हणून मी वेगळा कागद स्वतः लिहून दिला आणि पोचेचा शिक्का मागून घेतला. तुम्हीही शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ज्या नव्या कायद्याची भीती दाखवून मला लुटलं, त्यात उद्या कुणाला दंड झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जाणार. माहिती गेलेल्या आईवडिलांना त्यात भरपाई नाही.

भाच्याने साइट उघडली तेव्हा 'सपोर्ट' नावाचं दुसरं अ‍ॅडमिन खातं सापडलं. म्हणजे मी पासवर्ड बदलल्यावरही तो आत होता. तुमच्या साइटवरच्या वापरकर्त्यांची यादी आत्ता उघडून बघा. अनोळखी खातं काढा, सगळी चालू सत्रं, म्हणजे उघडी लॉगिन, बंद करा, दुहेरी पडताळणी लावा. आणि काही निसटलं असेल तर लोकांना लगेच कळवा. मी दोन दिवस काय लिहू, कसं लिहू यात घालवले, आणि तिघांपैकी एका पालकाने पैसे भरले ते याच दोन दिवसांत.

शेवटी सगळ्यांना लिहिलं: काय गेलं, कुणाकडे गेलं, माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. काहींनी धीर दिला. एका वडिलांनी जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं, त्यांचा हक्क होता. एका आईने एवढंच लिहिलं, "माझ्या मुलीचं नाव काढून टाका आणि काढलं की कळवा." पाच मिनिटांत काढलं आणि कळवलं. तिचं उलट उत्तर आलं, "आणि त्यांच्याकडचं?" त्याला अजून मी काही लिहू शकलेले नाही.