रायडिंग मोअर: दोन पावसाळे वापरल्यानंतर, आणि चढावर दम सोडल्यानंतर

नागपूरच्या काटोल रोडला आमचं लग्नाचं लॉन आहे, दोन एकरांच्या आसपास. हातानं ढकलायच्या मशीननं माणसं थकायची, म्हणून वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, म्हणजे रायडिंग मोअर घेतला: ४२ इंची डेकचा (पाती बसवलेलं खालचं झाकण) आणि तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्सचा, थोडक्यात 'हायड्रो'चा. कापण्याबद्दल तक्रार नाही. हरळी एकसारखी बसते, वळणं छान घेतो. पावसाळ्यात ओलं गवत डेकखाली थापून बसतं, ते दर वेळी खरवडावं लागतं. पेट्रोल बऱ्यापैकी पितो. बाकी ठीक. लिहायचं आहे ते ओढ कमी होण्याबद्दल, कारण यात पैसे उगाच जाण्याची शक्यता जास्त.

सकाळी गार असताना गाडी सुसाट. अर्धा-पाऊण तास झाला की नाल्याच्या बाजूनं वर येताना रांगायला लागायची. पेडल तळाला टेकलेलं, इंजिनचा आवाज जसाच्या तसा, पण चाकं ढिम्म. आवाजाची ही खूण लक्षात ठेवा. चढावर आवाजच बसत असेल तर आधी इंजिनकडे जा: एअर फिल्टर, कार्ब्युरेटर. आवाज टिकून वेग मरत असेल तर भानगड इंजिन आणि चाकाच्या मध्ये कुठेतरी आहे.

विक्रेत्याकडच्या माणसानं पाहिल्या पाहिल्या निकाल दिला, हायड्रो गेला, पूर्ण बदला. आकडा ऐकून मी ट्रॅक्टरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "भाऊ, डब्बा बदलाची एवढी घाई काहून करून राहिले? आधी पट्टा तं पाहा!"

त्याआधी त्यांनी मागचा बायपासचा दांडा पाहिला. गाडी बंद असताना ढकलता यावी म्हणून तो असतो. तो अर्धवट ओढलेला राहिला तर तेल आतल्या आत फिरतं आणि चाकाला जोर मिळत नाही. आमचा जागेवर होता. तो ओढून, ब्रेक सोडून सपाटीवर ढकललं तर गाडी सहज सरकली, म्हणजे ब्रेकही धरून नव्हता.

मग प्लगची वायर काढून खाली हात घातला. इंजिनवरून हायड्रो फिरवणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत झालेल्या, एका जागी दोरे सुटलेले. ताण देणारी आयडलर पुली बोटानं फिरवली तर खरखर. बेअरिंगमध्ये गवताचा भुसा आणि आपली काळी माती. स्प्रिंगही सैल पडलेली. पिठाच्या गिरणीचा त्याच मापाचा पट्टा स्वस्तात मिळतो आणि बसतोही, पण घेऊ नका. मोअरचा पट्टा आयडलरवर पाठीकडूनही दाबला जातो, त्यासाठी तो वेगळ्या बांधणीचा आणि आत मजबूत अरामिड दोऱ्यांचा असतो. साधा पट्टा लवकर ताणतो आणि पुन्हा घसरायला लागतो. मूळचाच मागवा, यायला उशीर लागला तरी.

पट्टा, पुली, स्प्रिंग बदलल्यावर बराच फरक पडला. तरी तापल्यावर थोडी मरगळ यायचीच. सीटखाली टॉर्च मारला तेव्हा उरलेलं कारण दिसलं. हायड्रोच्या डोक्यावर प्लास्टिकचा पंखा असतो. त्याची दोन पाती तुटलेली, आणि खालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या फिन्सवर वाळलेल्या गवताचा थर. हायड्रोमध्ये पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर मोटर चाकं फिरवते. तेल तापून पातळ झालं की आतल्या बारीक फटींतून निसटतं आणि दाब पडतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर, त्यात वरून ही गवताची गोधडी! शिवाय आमचा चालवणारा पोरगा पेट्रोल वाचवायला अर्ध्या रेसवर चालवायचा. पंप आणि पंखा दोन्ही त्याच पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे रेस कमी म्हणजे हवाही कमी. कापताना रेस पूर्ण ठेवायची, वेग फक्त पेडलनं कमी-जास्त करायचा.

तेल बदलणं हे सगळ्यात कटकटीचं काम. आमच्या हायड्रोला ड्रेन प्लगच नाही, 'सीलबंद, देखभाल नको' या प्रकारातला. अख्खा डब्बा उतरवून उलटा करावा लागला. निघालेलं तेल काळपट, करपट वासाचं. मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच नवं भरलं. त्यानंतर हवा काढायची असते, ती विसरली तर गाडी करकरते आणि झटके देते. मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून, पुढच्या चाकांना अडथळा लावून, बायपास उघडा ठेवून कमी रेसवर पेडल सावकाश पुढे-मागे दाबायचं. मग बायपास बंद करून परत तेच. डेक अर्थातच बंद. मिस्त्रींनी हे घाई न करता केलं आणि मजुरीसकट सगळा खर्च नव्या हायड्रोच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नाही.

आता नाल्याकडचा चढ गाडी न कुरकुरता चढते. भर उन्हात अजूनही थोडी मंदावते, म्हणून उन्हाळ्यात कापणी सकाळी लवकर उरकतो आणि गाडी थंडावली की पंख्यावर ब्लोअर मारतो. पाचपैकी साडेतीन गुण. मोठं, सपाट मैदान असेल तर बिनधास्त घ्या. सारखा चढ-उतार असेल तर भारी हायड्रोचं मॉडेल पाहा, पैसे जास्त लागले तरी. आणि जुनी गाडी घेत असाल तर आधी अर्धा तास गवत कापायला लावा, मग चढावर घाला. विकणारा नेहमी गार गाडीच दाखवतो.