बाससाठी एकच रॉड घ्यायचा असेल तर: स्पिनिंग मीडियम की कास्टिंग मीडियम-हेवी?

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या माणसाला बाससाठी लांब जावं लागत नाही. मर्सर काउंटी पार्कचं तळं आहे, फॅरिंग्टन लेक आहे, उत्तरेला हपॅटकाँग आहे. सगळीकडे लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) आहे आणि बऱ्याच ठिकाणी काठावर उभं राहून गरवता येतं. अडतं ते रॉड निवडताना. रॉड, रील, दोरा मिळून शंभर-सव्वाशे डॉलर खर्चायचे, रॉड एकच घ्यायचा आणि होडी नाही, असं धरून मी ही तुलना करतो आहे. स्पिनिंग रॉडला रील खाली लटकते, कास्टिंगला ती वर बसते.

रॉड हातात घेतला की मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत एक ओळ दिसते: लांबी ७ फूट, पॉवर मीडियम, ॲक्शन फास्ट, दोरा ६ ते १२ पौंड, आमिष १/८ ते ५/८ औंस. रंग आणि किंमत बघण्याआधी ती ओळ वाचा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला लागणारा जोर. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर शेंड्याकडचा भाग वाकतो आणि खालचा ताठ राहतो. खरा निर्णय आमिषाच्या आकड्यावर होतो. १/८ औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम, ५/८ म्हणजे जेमतेम अठरा. शेजारचा मीडियम-हेवी कास्टिंग रॉड साधारण १/४ ते १ औंसाचा, म्हणजे सात ते अठ्ठावीस ग्रॅमचा असतो.

नवशिक्यासाठी बासचं सर्वांत भरवशाचं आमिष म्हणजे पाच इंची मऊ प्लास्टिकची अळी. मधोमध गळ टोचायचा, पाण्यात टाकायची आणि आपसूक बुडू द्यायची. वजन सुमारे दहा ग्रॅम, त्यामुळे दोन्ही रॉड ती टाकतात. फरक त्याहून हलक्या आमिषांपासून सुरू होतो. शहरालगतच्या तळ्यांतल्या माशांनी शेकडो आमिषं पाहिलेली असतात. जुलैच्या दुपारी तिथे मोठं काही चालत नाही; तीन ग्रॅमचा छोटा जिग (डोक्याला वजन ओतलेला गळ) आणि बोटभर प्लास्टिक, एवढ्यालाच मासा तोंड लावतो. मीडियम-हेवी रॉडने ते धड फेकताच येत नाही, कारण तेवढ्या वजनाने रॉड वाकतच नाही. स्पिनिंग मीडियम ते सहज टाकतो.

कास्टिंगची बाजूही भक्कम आहे. टेक्सास रिग या मांडणीत गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं असतं. मासा लागला की ते आधी प्लास्टिकमधून आणि मग बासच्या कडक जबड्यातून आरपार जायला हवं. तिथे मीडियम-हेवीचा एक हिसका पुरतो. जूननंतर कमळाच्या पानांनी किंवा शेवाळाने भरलेल्या कोपऱ्यात रबरी बेडूक टाकायचा असेल, किंवा अर्ध्या औंसाचा जिग झुडपात सोडायचा असेल, तर मीडियम रॉड तिथे नेऊच नये. मासा वेलींत शिरला की त्याला बाहेर ओढायची ताकद त्यात नसते.

तरीही एकच रॉड घ्यायचा तर माझं मत स्पिनिंग मीडियम फास्टला आहे, लांबी ७ फूट. त्याची उणीव दोऱ्याने बरीच भरून निघते. साध्या तंगुसाऐवजी १० किंवा १५ पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, भरा. ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे हिसका वाया न जाता गळापर्यंत पोचतो. टोकाला आठ-दहा पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (पारदर्शक दोऱ्याचा छोटा तुकडा) आणि बारीक तारेचा गळ लावला की टेक्सास रिगही व्यवस्थित चालते. तिपेडी गळाच्या क्रँकबेटला (माशाच्या आकाराचं कडक आमिष) तर मीडियमचा मऊपणा उपयोगीच पडतो. फार ताठ रॉडने तसे गळ माशाच्या तोंडातून निसटतात.

दुसरं कारण रीलचं. कास्टिंग रीलचं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, फेकताना स्वतः फिरतं. दोरा बाहेर जाण्याचा वेग मंदावला आणि स्पूल फिरतच राहिलं की दोऱ्याचा गुंता होतो. अंगठ्याने स्पूल आवरायला शिकावं लागतं, आणि स्वस्त रीलवर ते जास्तच अवघड जातं. स्पिनिंगला तीस-चाळीस डॉलरची २५०० आकाराची रील छान काम देते. तिचं हँडल डावीकडे-उजवीकडे कुठेही लावता येतं, म्हणून घरात डावखुरं कुणी असेल तर तोच रॉड दोघांना चालतो. कास्टिंग रील डावी की उजवी, हे विकत घेतानाच ठरवावं लागतं.

ब्रँडकडे येऊ. अग्ली स्टिक जीएक्स२ आणि बर्कली लाइटनिंग रॉड, दोन्ही साधारण चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात आणि दोन्ही प्युअर फिशिंग या एकाच कंपनीचे. अग्ली स्टिकमध्ये ग्राफाइटसोबत फायबरग्लास असतं. त्यामुळे तो आडदांड आहे, आपटला-धोपटला तरी टिकतो, पण शेंड्याकडे जड लागतो आणि अळीला मासा नुसता चाटून गेला तर हाताला पटकन कळत नाही. लाइटनिंग ग्राफाइटचा, हलका, तळाचा खडा आणि गवत यांतला फरक हाताला सांगणारा. पण जपून वापरावा लागतो. मुलं बरोबर असतील तर अग्ली स्टिक, एकटे जाणार असाल तर लाइटनिंग. सेंट क्रॉयचा बास एक्स किंवा डोबिन्सचा फ्युरी घेतलात तर संवेदना आणखी स्पष्ट मिळते, मात्र एकट्या रॉडलाच शंभराच्या वर जातात. पहिल्या रॉडसाठी ते पैसे मी चांगल्या ब्रेडवर आणि आमिषांवर घालेन.

अपार्टमेंट आणि सेडान असेल तर दोन तुकड्यांचा बिनधास्त घ्या. वापरताना फरक नगण्य असतो. मात्र तो सुट्टीत भारतात न्यायच्या बॅगेत मावणार नाही, प्रत्येक तुकडा साडेतीन फुटांचा होतो. कोकणातल्या खाडीत जिताड्यावर लावायचा विचार असेल तर तोही सोडा. खारफुटीच्या मुळांत शिरणाऱ्या जिताड्याला मीडियम रॉड थोपवू शकत नाही.

जुना रॉड घेत असाल तर कापसाचा बोळा रॉडवरच्या, दोरा जाणाऱ्या प्रत्येक कडीतून ओढून बघा. तंतू अडकले तर आतल्या रिंगला चीर आहे, आणि ती दोरा कापणार. नवा असो की जुना, मासा उचलताना रॉड उभा धरून डोक्यामागे नेऊ नका. रॉड मोडतात ते बहुतेक असेच, नाहीतर गाडीच्या दारात सापडून.

आणि न्यू जर्सीत गोड्या पाण्यात गरवायला सोळा ते एकोणसत्तर वयाच्या रहिवाशांना परवाना लागतो. १५ एप्रिल ते १५ जून या विणीच्या काळात धरलेला बास लगेच सोडून द्यावा लागतो.