मल्लखांबाचा वर्ग: सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला घराजवळच्या व्यायामशाळेतील मल्लखांब वर्गात घालून सहा महिने झाले. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेल्या या व्यायामप्रकारात एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर पकड टिकवायची असल्याने हात, पोट आणि पाठ यांच्या जोडीने मुलांच्या लक्षाचीही कसोटी लागते. गृहपाठाला तिची बैठक वाढली, याचे श्रेय मी (काहीसे पक्षपातीपणे) त्यालाच देतो. शिक्षक घाई न करता आधी साधी अढी (खांबाला पायांनी विळखा घालण्याची मूळ पकड) पक्की करून घेतात. मात्र एका खांबामागे वीस मुले असल्याने निम्मा वेळ रांगेतच जातो, आणि खाली अंथरलेल्या गाद्या तर तातडीने बदलायला हव्यात.