छोटी शिडाची बोट रस्त्याने नेताना: स्वतःचा ट्रेलर की भाड्याचा ट्रक?

मुंबईच्या बंदरात स्वतःची शिडाची बोट बाळगणाऱ्याला वर्षातून निदान दोन वेळा तिला जमिनीवरून हलवावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस, नैऋत्य मोसमी वारे जोर धरण्यापूर्वी, ती पाण्याबाहेर काढून सुरक्षित आवारात ठेवावी लागते आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा पाण्यात सोडावी लागते. बोट 18 ते 22 फुटांची, दोघांना झोपता येईल एवढ्या केबिनची आणि टनभर वजनाची असेल, तर त्यासाठी दोन मार्ग उपलब्ध असतात. एक म्हणजे स्वतःचा ट्रेलर घेऊन तो आपल्या एसयूव्हीने ओढणे. दुसरा म्हणजे हायड्रा, म्हणजे चाकांवर फिरणारी क्रेन, आणि ट्रक भाड्याने बोलावणे. नव्याने बोट घेणारे बहुतेक जण मनाने पहिल्या मार्गाकडे झुकलेले असतात. तो मार्ग चांगला आहे, परंतु सर्वांसाठी नाही.

माझे मत आरंभीच नोंदवतो. ज्यांची बोट मुंबई बंदर, घारापुरी, करंजा आणि मांडवा याच परिसरात फिरणार आहे, त्यांनी रस्त्यावर धावणारा ट्रेलर घेऊ नये. मांडव्याला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट तासाभरात पोहोचते आणि रस्त्याने मात्र पनवेल, पेण, वडखळ असा सुमारे शंभर किलोमीटरांचा वळसा पडतो. त्यामुळे तिकडे बोट ओढत नेण्याला अर्थच नाही. याउलट, ज्यांना हिवाळ्यात पवना किंवा मुळशीच्या जलाशयात, मग मुरूड-राजपुरीच्या खाडीत आणि सवड मिळाली तर थेट मालवणपर्यंत आपली बोट न्यायची आहे, त्यांना ट्रेलरला पर्याय नाही. मात्र तो ब्रेक असलेलाच हवा, आणि ओढणारी गाडी त्याच्या तोलाची हवी.

हायड्रा आणि ट्रक

या मार्गाचा मोठा फायदा असा की रस्त्यावरची जोखीम व्यावसायिक चालकाकडे जाते आणि वर्षातून दोनच फेऱ्या असल्याने खर्च आवाक्यात राहतो. तथापि बोटीला इजा होण्याचे प्रसंग येथेही कमी नसतात आणि ते बहुधा उचलताना व ठेवताना येतात. हायड्राचे पट्टे नेमके कोठे बसायला हवेत, याच्या खुणा बोटीच्या दोन्ही कडांवर रंगीत चिकटपट्टीने आधीच करून ठेवाव्यात. पट्टा आतील आडव्या भिंतीखाली यावा; सुकाणू, पंख्याचा दांडा किंवा केबिनचा मोकळा भाग यांच्याखाली तो येता कामा नये. दोन्ही पट्टे वर एकाच आकड्याला अडकवले तर ते बोटीला दोन्ही बाजूंनी आत दाबतात. म्हणून मध्ये आडवा बार लावण्याचा आग्रह धरावा आणि तो मिळेपर्यंत उचलण्यास परवानगी देऊ नये.

ट्रकची निवड करताना दोन गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. पहिली गोष्ट रुंदीची. 19-20 फुटी आयशर लांबीला पुरतो, पण या आकाराच्या बोटींची रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास असते आणि ट्रकच्या हौद्यात ती मावेलच असे नाही. म्हणून बाजूचे फाळके उघडणारा किंवा सपाट हौद्याचाच ट्रक मागवावा. दुसरी गोष्ट पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांची. बऱ्याच टनांचा माल वाहण्यासाठी बनवलेल्या ट्रकवर टनभर वजनाची बोट ठेवली, तर त्याच्या दृष्टीने तो जवळजवळ रिकामाच धावतो. पाटे दबत नाहीत आणि खड्ड्यांचे हादरे थेट बोटीला बसतात. बोटीखाली जुने टायर टाकण्याची पद्धत सर्रास दिसते, पण टायरवर बोट उसळते आणि बांधलेले पट्टे सैल पडतात. तळाच्या आकाराचा, गालिच्याने मढवलेला लाकडी पाळणा एकदा करून घेतला, तर तो प्रवासात आणि पावसाळाभर आवारात असा दुहेरी उपयोगी पडतो. दक्षिण मुंबईत दिवसा जड वाहनांवर निर्बंध असल्यामुळे हे काम बहुधा रात्री करावे लागते. म्हणून प्रकाशाची व्यवस्था आणि भरतीची वेळ यांचा मेळ आधीच घालावा. उधाणाच्या दिवसांत येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते.

ट्रेलर: ओढण्यापेक्षा थांबवणे कठीण

ट्रेलरचा विचार करणारा माणूस बहुधा इंजिनाच्या ताकदीपासून सुरुवात करतो. आजच्या डिझेल एसयूव्ही दीड टन सहज ओढतात, पण हेच दीड टन बोरघाटाच्या उतारावर मागून ढकलू लागतात तेव्हा खरी कसोटी लागते. मुंबईकरांच्या बाबतीत गणित अधिकच प्रतिकूल आहे, कारण जाताना घाट चढायचा असतो आणि उतरायचा असतो तो परतताना, रविवारी संध्याकाळी, थकलेल्या अवस्थेत आणि भरगच्च वाहतुकीत.

म्हणून आधी खरे वजन काढावे. समजा, उत्पादकाच्या पत्रकात बोटीचे वजन 900 किलो दिले आहे. त्यात 6 अश्वशक्तीचे बाहेरचे इंजिन सुमारे 26 किलो, 40 लिटर पिण्याचे पाणी म्हणजे 40 किलो, बॅटरी 20 ते 25 किलो, शिवाय नांगर व साखळी, पेट्रोल, शिडे, गाद्या, हत्यारे आणि भांडी मिळवली की दीड-दोनशे किलो वाढलेच. ट्रेलरचे स्वतःचे 300 किलो धरले तर आकडा 1400 किलोंपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन ओढणाऱ्या नवख्या चालकांना असा सल्ला देतात की मागचे एकूण वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. या हिशेबाने 1400 किलोंसाठी गाडी किमान 1650 किलोंची हवी. म्हणजे फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन यांसारखी भक्कम चौकटीवर बांधलेली, दोन टनांच्या आसपासची गाडी. शहरात लोकप्रिय असलेल्या लहान एसयूव्ही येथे बाद होतात, मग त्यांचे इंजिन कितीही दमदार असो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर उत्पादकाकडून ती लेखी मिळवल्याशिवाय ट्रेलर अडकवण्याचा टो हुक बसवू नये.

अंदाजावर विसंबण्याचे कारणही नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या परिसरात वजनकाटे आहेत. तेथे प्रथम संपूर्ण ट्रेलर गाडीपासून सोडवून काट्यावर घ्यावा. मग तो गाडीला जोडून, फक्त ट्रेलरची चाके काट्यावर राहतील अशा रीतीने दुसरे वजन घ्यावे. दोन्हींमधला फरक म्हणजे हुकवर पडणारा भार. बोटीच्या ट्रेलरसाठी तो एकूण वजनाच्या साधारण 7 ते 10 टक्के असावा. 1400 किलोंना तो 98 ते 140 किलो येतो आणि गाडीच्या हुकची मर्यादा त्याहून अधिक असावी लागते. भार फार कमी पडला, म्हणजेच बोट ट्रेलरवर जास्त मागे बसली, तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटासारखा डुलू लागतो आणि गाडीलाही बरोबर खेचतो. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढावा; जोरात ब्रेक मारला किंवा वेग वाढवला तर डुलणे अनावर होते.

ब्रेकचा आणि बिनब्रेकचा

युरोपात 750 किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकशिवाय चालवण्याची मुभा आहे. केबिन असलेली बोट ट्रेलरसह त्या मर्यादेत क्वचितच बसते, त्यामुळे या लेखापुरता बिनब्रेकचा ट्रेलर स्वस्त असूनही विचारात घेण्यासारखा नाही. ब्रेकचे दोन प्रमुख प्रकार आहेत. विजेवर चालणारे ब्रेक चालकाच्या ताब्यात राहतात आणि घाटात उत्तम काम करतात, परंतु खाऱ्या पाण्यात वारंवार बुडणाऱ्या ट्रेलरवर त्यांचे आयुष्य फार नसते. दुसऱ्या प्रकारात गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. समुद्रावर नेण्याच्या ट्रेलरसाठी हाच प्रकार योग्य. त्याची मर्यादा मात्र ओळखून असावे. लांब उतारावर ट्रेलर सतत पुढे रेटत राहतो, त्यामुळे ब्रेक सतत घासत राहून तापतात. म्हणून घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग धरावा. तसेच चढावर मागे घेताना हे ब्रेक आपोआप लागून ट्रेलर अडू शकतो. उलट चालीत आपोआप सुटणारी रचना आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

ताशी 60 किलोमीटरच्या तुलनेत 80 किलोमीटरला थोपवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. द्रुतगती मार्गावर सपाटीला 100 ची परवानगी असली, तरी बोट मागे असताना 60 ते 70 वर समाधान मानावे.

एक आस की दोन

येथे निवड खरोखर अवघड आहे. दोन आसांचा (ॲक्सलचा) ट्रेलर सरळ धावतो, डुलण्याची शक्यता कमी असते आणि एक टायर फुटला तरी बोट उभी राहते. पण त्याचे स्वतःचे वजन वाढते, चार हब (चाकांचे बेअरिंग असलेले मधले भाग) आणि चार टायर सांभाळावे लागतात आणि अरुंद जागेत तो हाताने वळवता येत नाही. हाउसिंग सोसायटीच्या आवारात किंवा गावातल्या धक्क्याच्या बोळात ही शेवटची अडचण फार जाचते. माझा कौल असा, की एकूण वजन 1400 किलोंच्या आत असेल तर चांगल्या क्षमतेचा एकच आस, स्टेपनी आणि ट्रेलरला चालणारा जॅक पुरेसा आहे. त्याहून जड असेल तर दोन आस घ्यावेत आणि उभा करण्याची जागा आधी मोजावी.

झटके शोषण्यासाठी रबरी आस आणि पोलादी पाटे असे पर्याय मिळतात. रबरी आस मऊ चालतो, पण आतून गंजत असला तरी बाहेरून कळत नाही आणि बिघडला की संपूर्ण बदलावा लागतो. पाट्यांत खारे पाणी साचून गंज धरतो हे खरे, परंतु तुटलेला पाटा पेणच्या किंवा महाडच्या गॅरेजात त्याच दिवशी बदलून मिळू शकतो. कोकणात जाणाऱ्याने पाटेच घ्यावेत. चौकट गरम जस्तात बुडवून काढलेली असावी. नुसत्या रंगाच्या बंद चौकोनी नळ्या आतून सडतात, म्हणून उघडी सी-चॅनेल अधिक भरवशाची.

बोट टेकवण्यासाठी फिरते रूळ (रोलर) की गालिचा लावलेल्या लांब पट्ट्या, याचा निर्णय मात्र सोपा आहे. रुळांवरून बोट उथळ पाण्यातही लवकर उतरते, पण तिचा भार मोजक्या बिंदूंवर येतो. आपल्या रस्त्यांवर पट्ट्याच बऱ्या. बोटीला तळातून वर-खाली होणारा कणा (कील) असेल तर प्रवासात तो ट्रेलरच्या चौकटीवर टेकवून ठेवावा, म्हणजे त्याच्या खिळीवर हादरे बसत नाहीत. पाण्याच्या बॅलास्टची, म्हणजे तोल राखण्यासाठी तळाच्या टाकीत पाणी भरण्याची, बोट असेल तर ती टाकी रस्त्यावर आणण्यापूर्वी रिकामी करावी. मॅकग्रेगर 26 सारख्या बोटीत हे पाणी 500 किलोंहून अधिक भरते आणि ती ओढणे शक्य होते ते या सोयीमुळेच.

बांधणे, तपासणे, उतरवणे

विंचचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या रहाटाचा, पट्टा बोट ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी असतो, प्रवासात धरून ठेवण्यासाठी नव्हे. नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) वेगळी साखळी आणि मागे दोन्ही बाजूंना रॅचेट पट्टे हवेतच. गाडी आणि ट्रेलर यांच्यामधल्या दोन साखळ्या हुकखाली एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे जोड निसटला तरी ट्रेलरची दांडी रस्त्यावर न पडता त्या साखळ्यांवर तोलली जाते. पहिल्या 15-20 किलोमीटरनंतर थांबून पट्टे, दिवे आणि हबची उष्णता हाताने पाहावी. डोलकाठी तीन ठिकाणी बांधून मागे आलेल्या टोकाला दिवसा लाल फडके आणि रात्री लाल दिवा लावावा.

धक्क्यावर पोहोचताच ट्रेलर पाण्यात लोटण्याची घाई करू नये. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सिलमधून खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरते. अर्धा तास थांबावे, बोट सुटल्यावर हब व ब्रेक गोड्या पाण्याने धुवावेत आणि ग्रीस नियमाने भरावे. तेवढ्या वेळात वर पाहून घ्यावे: धक्क्याच्या आसपास विजेच्या तारा असतील तर डोलकाठी तेथे उभी करू नये, कारण ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागणे जीवघेणे ठरते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 61 नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. म्हणून स्थानिक फॅब्रिकेटरकडून ट्रेलर बनवून घेण्यापूर्वी त्याचे पासिंग कोण करून देणार, हे लेखी ठरवावे. ट्रक निवडला तर वाहतूकदाराकडून केवळ पावती न घेता बोटीच्या नावे प्रवासाचा विमा काढावा, आणि त्यात हायड्राने उचलण्या-ठेवण्याचा काळ समाविष्ट आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.