कॉलचा सारांश आपोआप स्लॅकवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्राहकांशी होणाऱ्या प्रत्येक कॉलची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लेखी मजकूर, उचलावी, भाषा-मॉडेलकडून तिचा सारांश करून घ्यावा आणि तो स्लॅक या कार्यालयीन संदेश-ॲपवरील संबंधित चॅनेलमध्ये टाकावा, अशी जोडणी मी झेपियर या ॲप एकमेकांना जोडणाऱ्या सेवेत केली, त्याला आता आठ महिने झाले. कोडची एक ओळही लिहावी लागली नाही. मात्र जोडणी उभी करायला एक दुपार पुरली, तर तिच्यावर विसंबता येईल अशी ती करायला काही महिने लागले.

तिसऱ्याच आठवड्यात एका कॉलचा अतिशय नेटका सारांश आला. त्यात तीन निर्णय होते, प्रत्येकापुढे नाव होते, आणि त्या कॉलवर असलेल्या सहकाऱ्याने खाली विचारले, "हे कधी ठरले?" त्यांपैकी एकही निर्णय झालेला नव्हता. शोध घेतल्यावर उलगडले की रेकॉर्डिंग तयार झाल्याची सूचना आधी येते आणि ट्रान्सक्रिप्ट नंतर तयार होते. माझी जोडणी पहिल्या सूचनेवरच सुरू होत होती, त्यामुळे मॉडेलच्या हाती कॉलचे शीर्षक आणि उपस्थितांची नावे एवढेच पडले आणि उरलेले त्याने रचले. त्या दिवसापासून ट्रिगर, म्हणजे जोडणी सुरू करणारी घटना, म्हणून मी ट्रान्सक्रिप्ट तयार झाल्याची सूचनाच घेतो. शिवाय मजकूर ५०० अक्षरांहून कमी असेल, तर जोडणी दुसऱ्या वाटेने जाते आणि चॅनेलमध्ये "ट्रान्सक्रिप्ट मिळाली नाही" इतकेच येते. नोंद नसणे परवडते. खोटी नोंद परवडत नाही, कारण पुढचे काम तिच्यावर उभे राहते.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातच आहे. "शुक्रवारपर्यंत पाठवून देऊ" या वाक्यात पाठवणार कोण, हे कुठेच नाही. "बघू" हा होकार की नकार, हे तर समोर बसलेल्यालाही कधी कधी कळत नाही. सुरुवातीला मॉडेल असे वाक्य ज्याच्या तोंडचे, त्याच्याच नावावर काम टाकत असे आणि "बघू" म्हणणाऱ्याने काम स्वीकारल्याची नोंद करत असे. म्हणून मॉडेलला दिलेली सूचना बदलली: नाव घेऊन किंवा "मी करतो" अशा स्पष्ट शब्दांत जबाबदारी घेतली असेल तरच नाव लिहावे, अन्यथा "जबाबदारी ठरलेली नाही" असे लिहावे, आणि प्रत्येक कामापुढे मूळ वाक्य व त्याची वेळ द्यावी. ट्रान्सक्रिप्टच्या व्हीटीटी फाइलमध्ये प्रत्येक वाक्यखंडाची वेळ असते. ती नको म्हणून मी आधी गाळत होतो; आता जपून ठेवतो. सारांशात "२३:४०" दिसले की शंका असणारा थेट तिथून रेकॉर्डिंग ऐकतो. माझ्या मते या संपूर्ण खटाटोपातील सर्वांत उपयोगी बदल हाच होय.

मांडणीच्या बाबी तुलनेने किरकोळ. स्लॅकच्या स्वतःच्या खुणांमध्ये ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेकच तारांकन लागते, मॉडेल दोन-दोन देते. ते मध्ये एक पायरी घालून बदलून घ्यावे. स्लॅकचे ब्लॉक, म्हणजे संदेशाच्या मांडणीचे तयार भाग, वापरणार असाल, तर एका सेक्शनमध्ये ३,००० अक्षरेच मावतात. मी चॅनेलमध्ये पाच ओळी ठेवतो आणि उरलेले त्याखालच्या थ्रेडमध्ये पाठवतो, कारण लांबलचक संदेश कोणी वाचत नाही, हे पहिल्याच महिन्यात दिसून आले.

मुलाखती, वेतनाच्या चर्चा आणि तक्रारींचे कॉल या जोडणीत मी मुळीच घेतलेले नाहीत. शीर्षकात ठरावीक खूण असलेलेच कॉल फिल्टरमधून पुढे जातात, म्हणजे खूण करायची राहिली तर फार तर सारांश येत नाही. याच्या उलट रचना केली असती, तर एका विसरण्याने खासगी बोलणे सर्वांसमोर आले असते. झेपियरमध्ये ट्रिगर आणि फिल्टर टास्क म्हणून (ज्यांच्या संख्येवर शुल्क ठरते) मोजले जात नाहीत, तेव्हा अशा तपासण्या घालताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. कॉलच्या आरंभी रेकॉर्डिंगची कल्पना आम्ही प्रत्येक वेळी देतो आणि संमती नसेल तर ते बंद ठेवतो.

दोघे एकाच वेळी बोलले की नावांची अदलाबदल अजूनही होते, आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही. त्यामुळे कॉलवरील एकाने त्याच दिवशी सारांश वाचून संदेशावर बरोबरची खूण करायची, असे आम्ही ठरवले आहे. ती खूण झाल्याशिवाय त्यातील एकही काम कामांच्या यादीत चढत नाही.