डबा खरा, फिल्टर खोटा

देवगडची पेटी आणि आत कर्नाटकचा आंबा, हा प्रकार आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटीवरचं नाव वाचून गिऱ्हाईक अजून फसतं. मी अकरा वर्षं हाच आंबा स्वतःच्या गाडीने कोल्हापूरला नेतोय. पेटी बघून आंबा घेऊ नका, हे मी कितीतरी जणांना सांगितलंय. गेल्या सीझनला मी स्वतः डबा बघून ऑइल फिल्टर घेतला आणि इंजिन घालवलं. आता पुन्हा गाड्या सर्व्हिसिंगला लागायचे दिवस आलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी सहा चाकी, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. सीझनला आंबा, एरवी जांभा चिरा. म्हणजे बारा महिने भरलेली गाडी आणि समोर घाट. ऑइल आणि फिल्टर मी कधी लांबवत नाही, आणि फिल्टर आजवर डीलरकडूनच आणत आलो. फेब्रुवारीच्या शेवटी ऑइल बदलायचं होतं तेव्हा डीलरकडे फिल्टर ७८० रुपयांना होता. एका नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा, तिच्या स्वतःच्या डब्यातला, ४९० ला मिळत होता. कंपनीचा घ्यावा की बाहेरचा, या विचारात मी हायवेवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक ओळखीचा. म्हणाला, "बाहेरचा कशाला घालताय भाऊ? कंपनीचाच देतो, ५६० ला. फक्त बिल मागू नका."

डबा हातात घेतला. गाडीच्या कंपनीचं नाव, पार्ट नंबर, छापील किंमत, होलोग्राम, सगळं जागच्या जागी. होलोग्राम उन्हात तिरका धरून पाहिला, तोही खरा. एकच गोष्ट तेव्हा नजरेआड केली. डब्याच्या झाकणावर आधीची चिकटपट्टी ओढून काढल्याचा ओरखडा होता, कागदाचा वरचा पापुद्रा निघालेला, आणि त्यावर नवी पट्टी. दुकानात कुणीतरी उघडून पाहिला असेल असं वाटलं. रोख पैसे दिले, त्याने वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला. फिल्टर घरी मीच बसवला.

पंधरा दिवसांत गाडीने सांगायला सुरुवात केली होती. सकाळी स्टार्टर मारला की पूर्वी ऑइलचा लाल दिवा लगेच जायचा, आता चार-पाच सेकंद राहायला लागला आणि तेवढा वेळ इंजिनातून कोरडी खडखड यायची. मग सगळं शांत. हे का होतं ते आता नीट कळलंय. फिल्टरच्या तोंडाशी आत रबराची एक झडप असते. गाडी रात्रभर उभी असताना फिल्टरमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरू नये म्हणून ती ऑइल अडवून धरते. ती बसली नाही की फिल्टर रात्रीत रिकामा होतो, सकाळी पंपाने तो पुन्हा भरेपर्यंत बेअरिंगला ऑइल पोचत नाही आणि इंजिन कोरडं फिरतं. रोज सकाळी पाच सेकंद. तुमच्या गाडीत फिल्टर बदलल्यानंतर हा फरक पडला असेल तर तो फिल्टर त्याच दिवशी काढा. मी सीझनच्या गडबडीत दीड महिना तसाच चालवला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात २८० पेट्या भरून रात्री देवगडहून निघालो. नांदगावला हायवे ओलांडला आणि फोंडाघाट चढायला लागलो. अर्ध्या घाटात गाडीचा ओढा कमी झाला, टर्बोची शीळ बदलली. एका वळणावर वेग कमी केला तसा लाल दिवा लुकलुकला, आणि खालून ठक ठक असा जड आवाज यायला लागला. हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. मिस्त्रींना फोन लावला, त्यांना फोनवरूनच तो आवाज ऐकवला. ते एवढंच म्हणाले, "गाडी थयच बंद कर. आता एक चाक पण हलवू नको." रात्रीचे दोन वाजले होते. क्लीनरने चाकाला दगड लावले. उजाडल्यावर दुसरी गाडी आली, त्या अरुंद जागेत सगळ्या पेट्या हातोहात बदलल्या. यार्डात माल पोचला तेव्हा सौदा होऊन गेला होता.

गाडी टोचन करून गॅरेजला आणली. मिस्त्रींनी आधी फिल्टरचं नाव काढलं नाही. ऑइलची पट्टी पाहिली, पातळी बरोबर होती. चेंबरचा नट काढून ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर बारीक चमकी उरली, उन्हात धरली की लालसर दिसणारी. बेअरिंगच्या शेलला, म्हणजे त्यातल्या अर्धगोल वाटीला, वरून करडा थर असतो, त्याखाली तांब्याच्या रंगाचा. करडा थर घासून गेला की हा लाल रंग दिसतो. चेंबर उतरवून शेल काढले तर दोन शेलवर बोटभर रुंद लाल पट्टे. मग टर्बोला ऑइल नेणारा पाइप सोडला. त्या पाइपच्या बँजो बोल्टला आडवं भोक असतं, त्यातूनच टर्बोच्या दांड्याला ऑइल मिळतं, आणि तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. मिस्त्रींनी त्या भोकात तार घालून फिरवली आणि काळा, ओला, लगद्यासारखा गोळा बाहेर काढला. बोटांवर पसरून माझ्यासमोर धरला. "ह्यो बघ, कागदाचो चोथो. फिल्टर खंयचो घातललंस?"

मी तिथेच फिल्टर कापायला हॅक्सॉ घेतला, तर त्यांनी हात धरला. "हॅक्सॉ नको. तेचोच बुरो आत पडतलो, मगे तू काय बघतलंस?" कुडाळच्या एमआयडीसीत ओळखीच्या लेथवर फिल्टरची फक्त वळवलेली कड उतरवून घेतली. मला आता नक्की काय ते बघायचंच होतं, म्हणून डीलरकडून बिलासकट एक नवा फिल्टर घेतला आणि तो ४९० वाला बाहेरचाही घेतला. तिन्ही एकाच पद्धतीने उघडले.

डीलरच्या फिल्टरमध्ये कागदाच्या ६२ घड्या भरल्या, बाहेरच्यात ६०. दोन्हीकडे घड्या सारख्या अंतराने, जिथे कागदाची दोन टोकं जुळतात तो सांधा पक्का. दोन्हींत बायपास व्हॉल्व्ह होता, स्प्रिंगवर बसलेला, काडीने दाबला की मागे जाणारा आणि सोडला की परत येणारा. झडप एकाची नारिंगी सिलिकॉनची, दुसऱ्याची काळ्या रबराची, पण दोन्ही मऊ. सिलिकॉनची झडप उष्णतेत जास्त दिवस मऊ राहते, एवढा फरक मान्य करायला हवा.

माझ्या फिल्टरमध्ये ३७ घड्या. त्याही एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. कागद मधोमध उभा फाटलेला आणि फाटलेल्या कडा झिजून कापसासारख्या झालेल्या. झडपेचं रबर नखाने दाबलं तर खूण उमटेना, इतकं कडक. आणि व्हॉल्व्हच्या जागी नुसती पत्र्याची चकती ठोकून बसवलेली, स्प्रिंग नाहीच. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की हा व्हॉल्व्ह उघडून ऑइलला वाट देतो. न गाळलेलं का होईना, पण ऑइल बेअरिंगला पोचतं. इथे वाटच नव्हती, म्हणून दाबाने कागद फाटला, आणि अडवून धरलेला सगळा कचरा कागदाच्या चोथ्यासकट पुढे गेला. फिल्टरच्या पत्र्यावरचा बॅच नंबर पाहायला डिझेलचं फडकं फिरवलं, तर नंबर फडक्यावर उतरला.

क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगचे सेट, टर्बो, गॅस्केट, मजुरी मिळून १ लाख ३८ हजार. मालाच्या नुकसानीपोटी बागायतदाराला २२ हजार दिले, आणि ऐन सीझनचे एकोणीस दिवस गाडी उभी. हप्ता थांबला नाही.

दुकानदाराकडे गेलो. कापलेला फिल्टर गल्ल्यावर ठेवला. त्याने पाहिलाही नाही. "हा माझ्याकडून घेतला याला पुरावा काय?" ज्या माणसाने बिल मागू नका म्हणून सांगितलं, तोच हे विचारत होता. माझ्याकडे वहीच्या कागदाचा तुकडा, त्यावर ना नाव ना जीएसटी नंबर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. तिथे नीट बोलले, पण पहिला प्रश्न बिलाचाच. ओरोसच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या, एका वकिलांनी जे सांगितलं ते मात्र प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवं. धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक नाही असं आपल्याला वाटतं किंवा सांगितलं जातं. पण पोट भरण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या गाडीला वस्तू घेतली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो माणूस ग्राहक धरला जातो. घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. पक्कं बिल असतं तर मी गेलो असतो. निदान ऑनलाइन पैसे भरले असते तरी एक धागा हाती राहिला असता.

डबा खरा कसा, ते नंतर कळलं. गॅरेजमागे फिल्टरचे रिकामे डबे साठतात. भंगारवाला पुठ्ठा किलोवर घेतो, पण होलोग्राम शाबूत असलेला डबा नगावर घेणारेही फिरतात. मिस्त्रींचा पोऱ्यासुद्धा असे डबे देत आला होता, पुढे त्याचं काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग कंपनीचा घ्यायचा की बाहेरचा? गाडी बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक करून फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टर कंपन्यांकडून बनवून घेतात. त्यामुळे चांगल्या फिल्टर कंपनीचा, तुमच्या इंजिनाच्या पार्ट नंबरशी जुळणारा फिल्टर घ्यायला मी आता कचरत नाही. फक्त आटे जुळले, बसला, म्हणजे चालला असं नाही. आटे तेच असून व्हॉल्व्ह वेगळ्या दाबाला उघडणारा असू शकतो. नव्या गाड्यांना ऑइल बदलायचं अंतर लांब असतं, तिथे कागद कमी भरलेला फिल्टर तेवढा टिकणार नाही. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरचाच घाला आणि बिलं जपून ठेवा. पण बिनबिलाचा कंपनीचा फिल्टर मी फुकट दिला तरी लावणार नाही. बसवण्याआधी मधल्या भोकातून टॉर्च मारा, काडीने झडप दाबून पाहा. जुना फिल्टर आणि नवा वजनकाट्यावर ठेवा. माझा खोटा ६१० ग्रॅम भरला, खरा ८७०. जुन्यातलं ऑइल नीट निथळू द्या, नाहीतर वजन फसवेल. आणि डबा टाकताना फाडून टाका.

ते तीन कापलेले फिल्टर मिस्त्रींनी गॅरेजच्या भिंतीवर तारेला टांगून ठेवलेत. गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याचा एक ड्रायव्हर मासळीची गाडी घेऊन आला होता. त्याने बराच वेळ तिसऱ्या फिल्टरकडे पाहिलं, मग म्हणाला, आपल्याही गाडीचा दिवा सकाळी उशिरा जातो. तिथल्या तिथे त्याचा फिल्टर उतरवून लेथवर नेला. आत तीच ठोकलेली चकती. कागद अजून फाटला नव्हता, इंजिन वाचलं. त्याच्याकडे दुकानाचं छापील बिल आहे, आणि सोमवारी आम्ही दोघं ओरोसला जातोय.