नऊ महिने ‘ब्रेडबिन’सोबत: कमोडोर ६४ घेतला तो फक्त ऐकायला

मँचेस्टरजवळच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेल्या हिवाळ्यात हा तपकिरी कॉम्प्युटर मिळाला. पावाच्या डब्यासारखा दिसतो म्हणून इथले लोक त्याला ‘ब्रेडबिन’ म्हणतात. खेळायला घेतलाच नव्हता. सिड संगीत मी बरीच वर्षं लॅपटॉपवर ऐकत होतो, ते खऱ्या चिपवर कसं वाजतं एवढंच बघायचं होतं.

सिड म्हणजे या १९८२ सालच्या मशीनमधली बॉब यानेस यांनी घडवलेली ६५८१ ही ध्वनिचिप. एका वेळी तीनच आवाज. प्रत्येक आवाजाला चारांपैकी एक तरंग निवडायचा, तो किती वेगाने उठावा आणि कसा विरावा हे ठरवायचं, आणि फिल्टर, म्हणजे सुरातला काही भाग दाबून आवाजाचा पोत बदलणारी सोय, मात्र तिघांत मिळून एकच. त्या काळच्या ४८ केच्या (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरकडे तर ध्वनिचिपच नव्हती, प्रोसेसरनेच एक बिट खालीवर करून बीप काढायचा. (आपल्याकडे १९८६ पासून डेसिबेल्स कंपनीचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ मिळायचा. ज्यांनी तो वापरलाय त्यांना तो बीप आठवत असेल.) त्यामानाने सिड म्हणजे चैन.

पण तीन आवाजांत इतकं सगळं कसं मावतं, हे मला या मशीनपेक्षा बाबांमुळे नीट कळलं. ते सहा महिन्यांसाठी आले होते. हौशी तबलजी. एका संध्याकाळी गेमसाठी संगीत करणाऱ्या रॉब हबर्डच्या दोन-तीन रचना लागल्या होत्या, १९८५ ची ‘माँटी ऑन द रन’ त्यातलीच. बाबांचा पाय आपोआप हलायला लागला. म्हणाले, “ठेका धरणारा वेगळा आणि खर्जात वाजवणारा वेगळा, हो ना?” मी म्हटलं, नाही बाबा, बहुतेक वेळा दोघं एकाच आवाजात राहतात. सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता तो आवाज नुसती खरखर काढतो आणि लगेच खर्जाच्या सुरावर येतो. कानाला ढोल वाजल्याचा भास होतो. त्यांना पटेना. मग लॅपटॉपवर बाकीचे दोन आवाज बंद करून दाखवलं. जरा वेळ ऐकून म्हणाले, “लबाड आहे. एका हाताने तबला आणि डग्गा दोन्ही वाजवतोय.”

सुरावटींचंही तेच. सा, ग, प एकदम वाजवायचे तर तिन्ही आवाज संपले. म्हणून एकाच आवाजाला सा-ग-प-सा-ग-प इतक्या वेगाने फिरवायचं की कान ते एकत्रच धरतो. गेम संगीतात ती थरथर ऐकू येते ना, ती यातून आलेली. आणि चौकोनी तरंगाची रुंदी सतत थोडीथोडी बदलत ठेवली की आवाजाला जी झळाळी येते, तिला मी तरी तंबोऱ्याची जवारीच म्हणेन. हे सगळं सेकंदाला पन्नास वेळा, आणि तेही साधारण एक मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर, ज्याला त्याच वेळी अख्खा गेमही चालवायचाय. अशा एका रचनेची फाइल जेमतेम काही किलोबाइटची असते. सुप्रभातचा फोटो तिच्या कितीतरी पट जड.

आता तक्रारीकडे. ६५८१ चा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये वेगळा वागतो, हे वाचलेलं होतं, पण इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. माझ्या मशीनवर मार्टिन गॉलवेने केलेलं ‘विझबॉल’ या गेमचं संगीत (१९८७) अप्रतिम दाट वाजतं. दुसऱ्या काही रचना मात्र तोंडावर उशी धरल्यासारख्या. एकाच घरात बनलेले मिरजेचे दोन तंबोरेही एकसारखे बोलत नाहीत, तसंच. मला आता हे आवडायला लागलंय. ज्यांना प्रत्येक रचना ‘बरोबर’ ऐकायचीय त्यांना लॅपटॉपच बरा.

‘आर्कनॉइड’ या गेमची गंमत वेगळी. गॉलवेने त्यात ध्वनिमुद्रित ढोल घातलेत, ज्याची सोय चिपमध्ये नाहीच. ६५८१ मध्ये एक दोष होता, आवाजाची पातळी बदलली की बारीक ‘टक्’ व्हायचं. तेच ‘टक्’ भराभर घडवून चौथा आवाज काढला. पुढच्या ८५८० चिपमध्ये दोष सुधारला आणि ढोल जवळजवळ गेले! एका मित्राकडे ८५८० असलेलं मशीन आहे. दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सुरुवातीला मी कॅसेटऐवजी एसडी कार्ड वापरत होतो. गेम पटकन येतो, पण टेप लोड होताना वाजणारं संगीतच गायब. ओशन कंपनीच्या गेममधलं ते लोडर संगीत मुलं तेव्हा मिनिटंच्या मिनिटं ऐकत बसायची. त्यासाठी चौथ्या महिन्यात ‘डेटासेट’, म्हणजे कमोडोरचा कॅसेट प्लेयर, घेतला. ओशनचं ऑफिस इथेच सेंट्रल स्ट्रीटवर होतं, माझी बस जवळूनच जाते.

घ्यायचाच असेल तर पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीचं) मशीन घ्या. अमेरिकन मशीनवर युरोपातल्या बहुतेक रचना पळत सुटतात, पन्नासऐवजी साठच्या गतीने. सोबत आलेला जुना वीजपुरवठा वापरू नका, बिघडला तर जास्त व्होल्टेज सोडून चिपा जाळतो. नवा घ्या. सिड तापते, वर छोटा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवा. सुटी चिप घेताना जपून, खोट्या फार फिरतात. आणि ८५८० ला नऊ व्होल्ट लागतात, ६५८१ ला बारा, तेव्हा अदलाबदल करायला जाऊ नका.

शांततेतही मागे एक बारीक गुणगुण राहते. स्पीकरवर चालून जाते, हेडफोनवर डोकं उठतं. म्हणून स्पीकरच. पण भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे ‘विझबॉल’ रात्री नऊपर्यंतच.